तीनशेच्या ब्रेव्हेसाठी सायकल कॉम्प्युटर: निवडीच्या नोंदी

रविवार, १४ सप्टेंबर २०२५, इंदूर

काम असं आहे: या हिवाळ्यात तीनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी, करायची, आणि त्याआधी जीपीएसवाला सायकल कॉम्प्युटर निवडायचा. करणारे तिघं. मी, वहिनी आणि शेजारचे काका. काका आरआरकॅटमधून, म्हणजे इथल्या सरकारी संशोधन केंद्रातून, निवृत्त झालेले, सगळी नोकरी मोजमापात गेलेली. त्यांच्या सायकलवर अजून वायरवाला जुना मीटर आहे, चाकाच्या तारेला चुंबक लावलेला. तो कधी हँग होत नाही, हे ते भेटीगणिक ऐकवतात.

दादाचा यात काही सहभाग नाही. त्याचं मत एकच, फोन आहे ना, हँडलला अडकवा. फोन का नको ते एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा वाद नको. भर उन्हात त्याचा पडदा दिसत नाही. सतत चालू ठेवला तर दुपारी बॅटरी बसते. मे महिन्यात तापून तो आपणहून बंद पडतो. शिवाय अडचणीत ज्यावरून घरी फोन करायचा, तोच नकाशा दाखवून दमवायचा कशाला? सायकल कॉम्प्युटरचे बहुतेक पडदे वरून पडणारा उजेड परतवून दिसतात, त्यामुळे ऊन जितकं कडक तितके आकडे स्वच्छ.

ब्रेव्हेची वेळमर्यादा ठरलेली असते: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. म्हणजे यादीतला पहिला आकडा २० तास. बाकीचं नंतर.

बुधवार, १७ सप्टेंबर

ओळखीपाळखीतून चार यंत्रं जमली. कंपन्यांचे छापील आकडे काढून ठेवले.

गार्मिन एज ५४०, २०२३ चं. पडदा २.६ इंची, रंगीत, नकाशासकट. टच नाही, सगळी बटणं. बॅटरी सगळं चालू ठेवून २६ तास, काटकसरीत ४२.

वाहू एलिमेंट बोल्ट, दुसरी आवृत्ती, २०२१. पडदा २.२ इंची, ६४ रंगांचा, नकाशा आहे. बॅटरी १५ तास.

ब्रायटन रायडर ४२०, २०२० चं. पडदा २.३ इंची, काळा-पांढरा. नकाशा नाही, मार्गाची रेघ दिसते. बॅटरी ३५ तास. चार्जिंगला जुनी मायक्रो-यूएसबी.

आयजीपीस्पोर्ट बीएससी २००. पडदा २.५ इंची, हाही काळा-पांढरा, हेही नुसती रेघच दाखवतं. बॅटरी २५ तास. यातलं सगळ्यात स्वस्त हेच. एज ५४० याच्या तिप्पट तरी पडतं.

कागद बघून काकांनी विचारलं, "हे सगळं खरं असेल, पण तू आधीच मनात एक ठरवून ठेवलंयस का?" मी काही बोलले नाही. त्यांनी वहिनीकडून टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं आणि प्रत्येक यंत्राच्या कंपनीच्या नावावर एकेक टिकली चिकटवली. लाल, हिरवी, निळी, पिवळी. यापुढे चाचणीच्या नोंदी टिकलीच्या नावानेच. आकारावरून ओळखू येतातच म्हणा, पण लिहिताना हात जरा जपून चालतो. कुठली टिकली कुणाची ते इथे उघड करणार नाही. एकेका वापरलेल्या नगावरून कंपनीचा निवाडा करण्यात अर्थ नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

अंतर मोजण्याची चाचणी. काकांचा दिवस.

चाकाचा घेर कोष्टकातून घ्यायचा नाही, असा त्यांचा नियम. सोसायटीच्या फरशीवर व्हॉल्व्ह अगदी खाली आणून खडूची खूण केली. मग मी सायकलवर बसले, कारण वजनाने टायर दबतो आणि घेर कमी होतो. काकांनी हँडल धरून सायकल सरळ रेषेत एक पूर्ण फेरा पुढे नेली, व्हॉल्व्ह परत खाली आला तिथे दुसरी खूण. दोन खुणांमध्ये २१४२ मिलिमीटर. ७०० बाय ३२ च्या टायरला कोष्टक २१५५ सांगतं. फरक १३ मिलिमीटरचा, म्हणजे ०.६ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतो, पण तीनशे किलोमीटरवर तो पावणेदोन किलोमीटरच्या वर जातो. "पुढच्या वळणाला अमुक किलोमीटर" असं कागदावर लिहिलेलं असेल, तर पावणेदोन किलोमीटर अलीकडे-पलीकडे उभं राहून वळण शोधत बसायचं.

मग सुपर कॉरिडॉर हा इंदूरचा रस्ता. रुंद, सरळ, वर आभाळ मोकळं. हँडलबारवर चारही यंत्रं शेजारी शेजारी लावली, सायकल पानाच्या टपरीसारखी दिसत होती. चौघांचे अंतराचे आकडे आपसांत जेमतेम काही मीटरनी वेगळे, आणि २१४२ टाकलेल्या काकांच्या मीटरशीही जुळले. काकांनी वहीत लिहिलं, "अंतर: प्रश्न मिटला." मलाही तेच वाटतं. २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसच्या संकेतातली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून मोकळ्या रस्त्यावर साध्या यंत्रालाही आपण कुठल्या बाजूने चाललोय ते कळतं. जाहिरातीत उपग्रहांच्या नावांची माळ लावलेली असते. तिच्यासाठी मी एक रुपया जास्त देणार नाही.

काकांनी विचारलं, "यात आपलं नाविक आहे का?" चारही यंत्रांच्या माहितीपत्रकात जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ आणि बायडू आहे, नाविक, म्हणजे अशीच भारताची उपग्रहयंत्रणा, नाही. नाविकचे आधीचे उपग्रह एल ५ आणि एस या रेडिओ-पट्ट्यांवर बोलायचे. छोट्या यंत्रांना सोयीची एल १ पट्टी आली ती २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून. "येईल, येईल," काका म्हणाले.

रविवार, २८ सप्टेंबर

आज सायकल काढलीच नाही. चारही यंत्रं गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, पाटावर ठेवली आणि दिवसभर उंचीचा आकडा टिपला.

आधी पार्श्वभूमी. चांगली यंत्रं उंची उपग्रहावरून घेत नाहीत, हवेच्या दाबावरून काढतात, कारण उपग्रहाची उंची आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. इथे दाब एक हेक्टोपास्कल उतरला की यंत्र समजतं आपण नऊएक मीटर वर गेलो. आणि आपल्या अक्षांशांवर हवेचा दाब रोज ठरावीक वेळी भरती-ओहोटीसारखा हलतो. सकाळी दहाच्या सुमारास चढा, दुपारी चारला उतरलेला, रात्री दहाला परत चढा, पहाटे परत खाली. हलतो तो तीन-चार हेक्टोपास्कलनी.

झालं तेच. पाटावर बसलेली यंत्रं सकाळी दहापासून चारपर्यंत हळूहळू डोंगर चढली. लाल टिकली २८ मीटर, निळी २५, पिवळी ३१. हिरवी मध्येच उपग्रहाशी ताळा करून खाली यायची, पुन्हा चढायची. वहिनी कपडे काढायला वर आली, पडदे बघून म्हणाली, "वन्सं, तुमची गच्ची वाढतेय." वडीलधारेपणा दाखवायचा असला की तिचं हे जुनं संबोधन बाहेर येतं.

निष्कर्ष: दिवसाअखेर "एकूण चढ" म्हणून जो आकडा मिरवतो त्यात तीसेक मीटर हवामानाचे असू शकतात. पाऊस येताना याहून जास्त. उपाय साधा: निघताना ज्ञात उंचीवर यंत्र जुळवून घ्यायचं. आपल्याकडे सोय फुकट आहे, रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. राऊचं स्टेशन आमच्या वाटेवरच आहे.

आणखी एक. दाबमापकाला हवा लागते, त्यासाठी यंत्राच्या पाठीला किंवा पोटाला सुईच्या अग्राएवढं भोक असतं. घाम आणि धूळ मिळून ते बुजलं की उंची गोठते. टाचणीने कोरायचं नाही, आतला पडदा फाटेल. साध्या पाण्याने धुवायचं.

रविवार, ५ ऑक्टोबर

पहाटे सराफा, बजाजखाना, शीतलामाता बाजार. रात्रीची खाऊगल्ली आवरून झालेली, सफाईच्या गाड्या नुकत्या फिरून गेलेल्या. उंच घरांच्या अरुंद गल्ल्यांत संकेत भिंतींवरून आपटून येतो आणि जागा चुकते. एल १ आणि एल ५ अशा दोन पट्ट्या एकत्र ऐकणाऱ्या यंत्राला हा प्रतिध्वनी जास्त चांगला ओळखता येतो. घरी नकाशावर रेघा टाकल्या तर एक रस्त्याला चिकटून, बाकीच्या कुणाच्या दुकानातून, कुणाच्या माजघरातून गेलेल्या.

फरक खरा आहे. पण सराफ्यात वाट शोधायला ज्याला उपग्रह लागतो तो इंदूरचा नव्हे. गुण दिले नाहीत.

रविवार, १२ ऑक्टोबर

खरी परीक्षा आज होती. इंदूर, महू, जामगेट, मंडलेश्वर, महेश्वर, धामनोद, घाट चढून मानपूर, महू, घर. पठाराच्या कडेवरून निमाडात उतरायचं आणि दुसऱ्या बाजूने परत वर. नर्मदेकाठचं महेश्वर दीडशे मीटरच्या आसपास, तेव्हा जे जामगेटला फुकट मिळतं ते धामनोदनंतर व्याजासकट फेडावं लागतं.

राऊला पोहे. इथे एका प्रश्नाचा निकाल लागला. गटातल्या एकाकडे टचवालं यंत्र होतं, मला एज ८४० घ्यावं का म्हणून उत्सुकता होती, कारण ५४० सारखंच, फक्त त्याला टच आहे. त्या यंत्रवाल्या भियाने पोह्यांवर जीरावण, म्हणजे इंदुरी मसाला, भुरभुरवलं, बोटं पिवळी, वर घाम. पडदा सरकवायला गेला तर एकदा सरकला, एकदा भलतंच पान उघडलं, मग कपाळावरचा एक थेंब पडद्यावर पडला आणि यंत्राने त्यालाही बोट समजून नोंद थांबवायची की नाही ते विचारलं. बटणाला जीरावणाने काही होत नाही. ८४० यादीतून गेलं.

जामगेटच्या कमानीपाशी थांबलो. अहिल्यादेवींच्या काळचं दार, माळव्यातून निमाडात उतरायची जुनी वाट. इथून खाली मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं. फोनच्या भरवशावर मार्ग काढणाऱ्या यंत्राचं काय होतं ते बघायचं होतं. मार्ग आधीच पोटात उतरवलेला असेल तर काही होत नाही, फोन लागतो तो नवा मार्ग घ्यायला.

मंडलेश्वरला येताना महेश्वरसाठी उजवीकडे वळायचं. काकांच्या सांगण्यावरून आम्ही मुद्दाम सरळ गेलो, नदीच्या दिशेने. कोण किती लवकर ओरडतं?

हिरवी टिकली वळण सुटल्यावर पन्नासेक मीटरमध्ये बोंबलली. पिवळी त्यानंतर थोड्या वेळाने, आवाज बारीक, ट्रॅक्टरच्या आवाजात मला ऐकूच आला नाही, वहिनीने सांगितलं. लाल टिकलीवर रेघ एकीकडे, आमचा बाण दुसरीकडे, पण नकाशा इतका लांबून दाखवला होता की दोन्हीतलं अंतर नखाएवढं. नदीच्या घाटाच्या उतारावर गेल्यावर तिला जाग आली. निळीने ओरडा केलाच नाही. तिने गुपचूप नवी वाट आखली, गल्लीतून पुढे काढणारी, आणि जणू आधीपासून हेच ठरलं होतं अशा थाटात पुढचं वळण सांगायला लागली.

काका सगळ्यात जास्त अस्वस्थ झाले ते निळीवर. त्यांचं बरोबर आहे. घरी परतायचं असेल तर नवी वाट म्हणजे हुशारी. ब्रेव्हेत मात्र मार्ग आयोजकांनी आखलेला असतो आणि कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, जाऊन कार्डावर नोंद घ्यावीच लागते. यंत्राने स्वतःच्या अकलेने जवळची वाट काढून कंट्रोल गाळला तर तीनशे किलोमीटर पाण्यात. चुकलो हे सांगणारं यंत्र हवं. ती चूक झाकून पुढे नेणारं नको.

महेश्वरला जेवण. धामनोदनंतरचा चढ भर दुपारचा, ट्रकच्या धुरातला. चढाचं पान असलेल्या यंत्रावर किती चढ उरला, पुढचा तुकडा किती तिरपा ते दिसत होतं. मला वाटलं होतं हा नुसता खेळ असेल. पण पुढे ८ टक्क्यांचा तुकडा आहे हे आधी कळल्यावर मी अलीकडेच गिअर उतरवला, एरवी मध्यावर खडखडाट करत उतरवते. वहिनीने ते पान बंद करायला लावलं. उरलेला चढ दिसला की तिला जास्त दमायला होतं म्हणे.

बुधवार, १५ ऑक्टोबर

मंडलेश्वरचा उलगडा घरी बसून केला. मूळ मुद्दा यंत्राचा कमी, फाइलचा जास्त.

आयोजक बहुधा जीपीएक्स फाइल देतात. तिच्यातला मार्ग म्हणजे ओळीने मांडलेले बिंदू, रेघ. "इथे उजवीकडे" असं त्यात लिहिलेलं नसतं. ज्या यंत्रात नकाशा आहे ते ही रेघ रस्त्यांवर बसवून वळणं स्वतः काढतं. ज्यात नकाशा नाही ते नुसती रेघ दाखवतं. टीसीएक्स फाइलमध्ये मात्र वळणांच्या सूचना भरता येतात. राइड विथ जीपीएस या मार्ग आखायच्या वेबसाइटवर तोच मार्ग टीसीएक्समध्ये उतरवून घेतला आणि बिननकाशाच्या यंत्रात घातला, तर स्वस्तातलंही वेळेवर बाण दाखवायला लागलं. तिप्पट पैशांचा अर्धा फरक इथेच भरून निघाला.

उरलेला अर्धा फरक नकाशा किती भरलेला आहे त्यावर. बऱ्याच कंपन्यांचे नकाशे ओपनस्ट्रीटमॅपवरून बनतात, तिथे माणसं हाताने रस्ते काढतात. इंदुरात गल्लीबोळ आहेत. निमाडातल्या खेड्यांकडे गेलं की रस्ते विरळ होत जातात, म्हणजे खेड्यातून वळण घेताना नकाशावालंही शेवटी रेघेवरच चालतं.

अजून एक: जाऊन त्याच रस्त्याने परत यायचा मार्ग असेल तर दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात आणि यंत्र परतीची पकडू शकतं. फाइल वळण्याच्या जागी तोडून दोन करायच्या.

रविवार, २६ ऑक्टोबर

दिवाळीत काम थांबलं होतं. आज बॅटरी.

छापील तास नव्या बॅटरीचे आणि मंद उजेडाचे. रात्री बॅकलाइट लावून चालवायचं तर माझ्या हिशेबाने त्यातला पाव हिस्सा सोडून द्यावा. २६ चे साडेएकोणीस, ३५ चे सव्वासव्वीस, २५ चे पावणेएकोणीस. १५ चे किती तो हिशेब करायचीही गरज नाही. २० तासांच्या कामाला १५ तासांचं यंत्र मध्ये खाऊ घातल्याशिवाय पुरणार नाही. नवी मॉडेल्स या बाबतीत पुढेच गेलीत असंही नाही. गार्मिनच्या १०४० ला सगळं चालू ठेवून ३५ तास होते, २०२४ च्या १०५० ला २०. पडदा झगझगीत झाला, त्याची किंमत बॅटरीने मोजली.

मग पॉवर बँक. वहिनीची बँक यंत्राला लावली, थोड्या वेळाने चार्जिंग बंद. केबल काढून घातली, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. केबल ठीक, यंत्र ठीक. काकांनी मल्टिमीटर आणला आणि कारण सापडलं: यंत्र इतका थोडा प्रवाह ओढतं की बँकेला वाटतं काही लावलेलंच नाही, मग ती वीज वाचवायला झोपते. काही बँकांना कमी प्रवाहाची सोय असते, बटण दोनदा दाबलं की मिळते. या बँकेला नव्हती. शेजारी फोनही जोडला की ती जागी राहते, हा काकांचा तोडगा.

चालत्या सायकलवर चार्जिंग करताना रबरी झाकण उघडं राहतं हेही लक्षात घ्यायला हवं. आयपीएक्स ७ हा पाणी न शिरण्याचा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण झाकण बंद असताना. पावसात चार्जिंग नाही, ढाब्यावर बसल्यावर.

शनिवार, १ नोव्हेंबर

काकांच्या घरी बैठक, चहा आणि शेव. टिकल्या काढल्या.

वहिनीचा प्रश्न कुठल्याच तक्त्यात नव्हता. तिला चाळिशीचा चष्मा लागतो आणि सायकलवर ती तो लावत नाही. चारही पडद्यांवर तिने हात लांब करून आकडे वाचले. रंगीत नकाशा सुरेख, पण त्यावरची गावांची किड्यांएवढी नावं तिला दिसत नाहीत. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर तीनच रकाने ठेवले, वेग, अंतर, पुढचं वळण, तर ती उन्हात आणि अंधारातही वाचू शकली. बोल्टच्या बाजूच्या बटणांनी रकाने कमी करून आकडे मोठे होतात, हे तिला फार आवडलं. पण १५ तास.

मला रडारही हवं होतं. गार्मिनचं व्हेरिया मागून येणारी गाडी १४० मीटरवरून सांगतं. ते एएनटी प्लस या बिनतारी पद्धतीवर बोलतं, म्हणून दुसऱ्या कंपन्यांच्या पुष्कळ यंत्रांवरही दिसतं. काका म्हणाले, "अगं, तो मागे बघतो. आपल्याकडचा ट्रॅक्टर राँग साइडने समोरून येतो." रडार पुढच्या वर्षावर गेलं.

दोघींनी एकच यंत्र घ्यावं का? केबल एक, फाइल एक, शिकणं एक. काकांनी ठाम नकार दिला. एकाच जातीची दोन मापकं ठेवली तर दोन्ही एकाच ठिकाणी चुकतात आणि आपल्याला वाटतं ताळा जमला. एकाजवळ नकाशा, दुसरीकडे वळणांची फाइल आणि तिसऱ्याकडे कागद, अशी मांडणी त्यांनी सुचवली. तिसरे म्हणजे ते स्वतः. नवं काही घेणार नाहीत. चुंबकाचा मीटर, २१४२ चा घेर आणि हँडलला प्लॅस्टिकच्या पिशवीत वळणांची यादी.

ठरलं: मी एज ५४०. वहिनी रायडर ४२०, जे उसनं आणलं होतं तेच, मालकाला बदलायचंच होतं. बीएससी २०० वर माझा जीव होता. पैशांचा विचार करणाऱ्या कुणालाही तेच सांगेन, टीसीएक्स फाइल करायची तयारी असेल तर. मंडलेश्वरच्या चौकानंतर माझे पैसे नकाशाकडे गेले.

रविवार, ९ नोव्हेंबर

यंत्र आलं. आधी केलेल्या सेटिंग: मार्ग सुटल्यावर नवी वाट आखणं बंद, चुकल्याचा इशारा चालू, आवाज मोठा. नोंद दर सेकंदाला. घेर २१४२. चढाचं पान माझ्याकडे चालू, वहिनीकडे तीनच रकाने. उंची राऊच्या पाटीवरून.

हँडलच्या पिशवीत आता दोन केबल, यूएसबी-सी आणि वहिनीची मायक्रो. दोन्ही सारख्याच काळ्या, अंधारात चाचपडणं होणार. मायक्रोच्या टोकाला उरलेली लाल टिकली लावली. काकांनी सांगितलंय की त्यांच्या यादीत प्रत्येक कंट्रोलची बंद होण्याची वेळही लिहून हवी, मोठ्या अक्षरांत. उद्या ऑफिसातून छापून आणते.